गाडी घ्यायची, पण हिशेबानं

मागच्या महिन्यात दोन गावांतल्या गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, “ताई, तुमच्या गटानं गाडी घेतली म्हणे. आम्हीही घ्यावी का? आणि घ्यायचीच तर पैसे कुठं वाचतात?” तेव्हा आज आम्ही आमचाच अनुभव सांगणार आहोत. कुठं वाचवलं ते सांगू आणि कुठं घालवलं तेही सांगू. घरच्यासाठी जुनी कार घेणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आमचा गट बारा जणींचा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी करतो आणि सोलापूरच्या दुकानांना देतो. गाव सोलापूरपासून पस्तीस किलोमीटर. माल नेण्यासाठी भाड्याचा टेम्पो करायचो, एका फेरीला १,४०० रुपये. दर महिन्याच्या बैठकीत कुणीतरी म्हणायचंच, “एवढं भाडं दुसऱ्याला देतोय, त्यात आपली गाडी आली असती.” ऐकायला बरं वाटायचं, पण कागदावर कुणीच मांडलं नव्हतं.

मग एका बैठकीत वही घेऊन बसलो. तेव्हा महिन्याला आठ फेऱ्या होत होत्या. म्हणजे भाडं ११,२०० रुपये. स्वतःची गाडी असती तर? कर्जाचा हप्ता ४,७०० धरला. डिझेल एका फेरीला ३७०, म्हणजे आठ फेऱ्यांचे २,९६०. चालवणाऱ्याचा रोज ४०० प्रमाणे ३,२००. विमा, फिटनेस, टायर, दुरुस्ती यांसाठी महिन्याला ३,५०० बाजूला. बेरीज झाली १४,३६०. म्हणजे स्वतःची गाडी भाड्याच्या गाडीपेक्षा तीन हजारांनी महाग! सगळ्याजणी गप्प झाल्या. मग आम्ही फेऱ्या वाढवून पाहिल्या. पंधरा फेऱ्या झाल्या तर भाडं २१,००० आणि स्वतःच्या गाडीचा खर्च १९,७५०. तिथं कुठं आपली गाडी परवडायला लागते.

तेव्हा ठराव केला की महिन्याला पंधरा फेऱ्या होईपर्यंत गाडी घ्यायची नाही. त्याला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत शिल्लकही वाढली. मैत्रिणींनो, गाडीवर आम्ही सगळ्यात जास्त पैसे वाचवले ते त्या आठ महिन्यांत, गाडी न घेऊन. घरच्या कारचंही असंच मांडून बघा. वर्षातून चार लग्नं आणि दोन देवदर्शनं असतील तर भाड्याची गाडी स्वस्त पडते.

आता आमची चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितलीच पाहिजे. फेऱ्या वाढल्या आणि आम्हाला घाई झाली. एका दलालानं छोटा हत्ती दाखवला. गाडी धुऊनपुसून चकाचक. “आज इसार दिला नाही तर उद्या दुसरं गिऱ्हाईक नेईल,” असं म्हणाला. आम्ही पदाधिकारी तिघी तिथं होतो. बैठक न घेता, पावती न घेता, गटाच्या पैशातले १०,००० रुपये रोख दिले. घरी येऊन आरसीची झेरॉक्स नीट वाचली तर गाडीवर फायनान्सचा बोजा होता. मालकाचे हप्ते थकलेले होते. तशी गाडी घेतली असती तर फायनान्सवाल्यांनी आमच्या दारातून ओढून नेली असती. इसार मागायला गेलो, तर दलाल म्हणाला, “सौदा तुम्ही मोडला, इसार बुडाला.”

पुढच्या बैठकीत हे सांगायची वेळ आली. आमच्यात एक मावशी आहेत. पन्नास रुपयांची बचत भरायला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “माझे त्यात किती गेले गं?” भागाकार केला, आठशे तेहतीस रुपये. त्यांना आकडा सांगताना आमची मान वर होत नव्हती. आम्ही तिघींनी ते १०,००० आपापल्या घरातून सहा महिन्यांत भरून दिले. पैसे भरून निघाले. विश्वास भरून यायला जास्त दिवस लागले. म्हणून पुढची प्रत्येक पायरी आम्ही बैठकीत ठरवून, लिहून घेतली. आता तीच तुम्हाला सांगतो.

पहिलं, कागद आधी, गाडी नंतर. परिवहन खात्याच्या ‘एमपरिवहन’ ॲपवर गाडीचा नंबर घातला की नोंदणी, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं. दंडाची ई-चलनं थकलेली असतील तर तीही ऑनलाइन बघता येतात. ती भरून घेतल्याशिवाय सौदा करू नका. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल तर मालकाकडून त्यांचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मागा. बोजा उतरल्याची नोंद आरटीओत झाली पाहिजे. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवून बघा.

दुसरं, मिस्त्री आपला न्या. विकणाऱ्याचा मिस्त्री त्याच्याच बाजूनं बोलणार. आम्ही ओळखीच्या मिस्त्रीला ५०० रुपये दिले आणि सकाळी, इंजिन थंड असताना गेलो. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन आपले दोष लपवतं. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर गाडी ऑइल खाते. दारांच्या फटी एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त असतील किंवा रंगात फरक दिसला तर गाडी ठोकलेली असू शकते. मीटर कमी किलोमीटर दाखवतोय आणि ब्रेकच्या पायडलचं रबर पार झिजलंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात. समजा २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. हे आकडे वाचायला आमच्या मावशीसुद्धा शिकल्यात.

आमच्या गाडीत मिस्त्रीला क्लच गेलेला आणि दोन टायर संपलेले सापडले. फिटनेसही दोन महिन्यांत संपणार होता. हे सगळं खर्चासकट कागदावर लिहून आम्ही मालकासमोर ठेवलं. त्यानं २,६०,००० सांगितले होते, सौदा २,३०,००० ला झाला. नुसतं “कमी करा हो” म्हणून कुणी कमी करत नाही. नवीन गाडीची किंमतही माहीत असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कार आणि मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायलाच हवा. विकणारा जुन्या काळातला भाव सांगत असेल तर हे त्याला ऐकवा.

तिसरं, पांढरी पाटी की पिवळी? काही जणी म्हणाल्या, घरगुती पांढऱ्या पाटीची व्हॅन स्वस्त मिळते, तीच घेऊ. पण खासगी गाडीतून धंद्याचा माल नेला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून पिवळ्या पाटीची मालवाहूच घेतली. तिचा विमा खासगी कारपेक्षा बराच महाग असतो, तो हिशेबात आधीच धरा. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावा लागतो. मात्र वजनासकट ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळं परमिट लागत नाही. आणि साधं कारचं लायसन असलं तरी ७,५०० किलोपर्यंतची अशी गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तसा निकाल दिलाय. आमच्यातल्या एक वहिनी कारचं लायसन काढून बसल्या होत्या. आज त्याच गाडी चालवतात आणि चालकाचा रोज गटातच राहतो.

चौथं, कर्ज. इथं भल्याभल्या फसतात. १,३०,००० आमचे होते, एक लाख कर्ज काढायचं होतं. एक एजंट म्हणाला, “बारा टक्के, फ्लॅट.” बँकही बारा टक्केच म्हणत होती. मग फरक काय? आपण गटात व्याज कसं घेतो ते आठवा. फेडलेल्या रकमेवर व्याज नाही, उरलेल्या शिलकीवरच. बँकेचा हिशेब तसा असतो. फ्लॅटमध्ये मात्र शेवटचा हप्ता येईपर्यंत पूर्ण एका लाखावर व्याज चालू राहतं. दोन वर्षांत फ्लॅटनं २४,००० रुपये व्याज झालं असतं, शिलकीवरच्या व्याजानं साधारण १३,०००. टक्के तेच आणि फरक अकरा हजारांचा! तेव्हा “टक्के किती” एवढंच विचारू नका. “शेवटपर्यंत एकूण किती भरायचे” ते विचारा आणि लिहून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर एक पत्रक द्यावं लागतं. त्याला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणतात. वार्षिक दर, फी आणि सगळे खर्च त्यात एका जागी असतात. ते वाचल्याशिवाय सही करू नका.

पाचवं, विमा. नवीन गाडी घेताना शोरूमवाला म्हणतो, विमा आमच्याकडूनच घ्या. तसं बंधन नाही. दोन-तीन ठिकाणी दर विचारा. बिलात ‘हँडलिंग’ किंवा न मागितलेल्या ॲक्सेसरीजचे पैसे लावलेले दिसले तर ते काढायला सांगा. जुनी गाडी घेतली तर विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज करा. आणि एक ध्यानात ठेवा, क्लेम न केल्याची सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, मालकाची असते, गाडीची नव्हे. आधीच्या मालकाची सवलत आपल्याला मिळत नाही.

सहावं, पैसे बँकेतून द्या आणि नाव लगेच बदला. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या समोर घ्या. “नाव सावकाश होईल” असं कुणी म्हटलं तर उठून या. विकणाऱ्यांनीही हे ऐका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलंय की आरटीओत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी विकली आणि नाव बदललं नाही, तर पुढच्या अपघाताची भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते.

शेवटचं सगळ्यात नाजूक. आमचा गट नोंदणीकृत संस्था नाही. गाडी एकीच्याच नावावर करावी लागली. मग नाव कुणाचं? पुन्हा सगळ्या गप्प. एका इसारानं पोळलेल्या आम्ही! शेवटी मावशीच म्हणाल्या, “सचिवाच्या नावावर करा, पण लिहून ठेवा.” म्हणून स्टॅम्प पेपरवर करार केला की पैसे बारा जणींचे, गाडी बारा जणींची, विकली तर पैसे गटाच्या खात्यात. प्रोसिडिंगमध्ये ठराव लिहिला आणि बाराही जणींनी सह्या केल्या. सचिवताईंच्या घरच्यांनाही करार वाचून दाखवला. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव नोंदवता येतं. तिथं कुणाचं नाव घालायचं तेही बैठकीतच ठरवलं. हे सचिवताईंवरच्या अविश्वासापोटी केलं नाही. उद्या कुणी त्यांच्याकडे बोट दाखवू नये म्हणून केलं.

आज गाडीला एक वर्ष झालंय. डिझेलची पावती, फेरी, किलोमीटर सगळं एका वहीत असतं. ती वही दर बैठकीत मोठ्यानं वाचली जाते आणि वाचतात मावशी. कुठं पन्नास रुपये जास्त दिसले तर थांबतात, चष्म्यावरून आमच्याकडे बघतात आणि विचारतात, “हे कशाचे गं?” आम्हाला उत्तर द्यावंच लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो, गाडी जरूर घ्या. आधी वही घ्या, मग गाडी. आणि इसार द्यायला पर्स उघडण्याआधी बैठक घ्या.