प्रोसेसरचा ताप आणि व्होल्टेज

श्रोतेहो, घरी जोडलेला संगणक तापू लागला की आपण आधी नवा कूलर घ्यायला धावतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी व्होल्टेज पाहा. काम करताना प्रोसेसरला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवलं, तर ही वीज सुमारे १९ टक्क्यांनी घटते, आणि तेवढीच उष्णताही. बायोसमध्ये थोडंथोडं खाली या, दरवेळी संगणकाला तासभर जड काम द्या. तो अडखळला, की एक पायरी मागे.

चढलेलं व्होल्टेज किती महागात पडतं, ते २०२४ मध्ये दिसलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर त्यामुळेच बिघडले. बायोस अद्ययावत करणं हा त्यावरचा उपाय; पण आधी झालेली झीज भरून येत नाही. तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल, तर हे काम आजच करा.

नुसत्या आकड्याला मात्र घाबरू नका. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले अनेक प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत चालावेत असेच घडवलेले आहेत. आणि मे महिन्यात नागपूरची खोली ४० अंशांवर असेल, तर हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला त्याखाली नेऊ शकत नाही.