तोडलेला पाट



युद्धांमुळे संस्कृती कशा लयास गेल्या, हा आजचा विषय. मी इतिहासाचा पंडित नव्हे. आयुष्य कामगार संघटनेत गेले. वाचले ते रात्री वाचनालयात बसून. म्हणून साऱ्या जगाचा इतिहास न सांगता एकाच नगराची हकीकत सांगतो, आणि तीही कामकऱ्याच्या नजरेने.

आज जेथे मेक्सिको शहर आहे, तेथे पूर्वी टेनोच्टिट्लान होते. सरोवरातील बेटावर १३२५ च्या सुमारास मेशिका लोकांनी ते वसविले. पुढे त्याची वस्ती दोन लाखांच्या आसपास गेली असावी, असा अंदाज आहे. उथळ पाण्यात गाळ भरून त्यांनी शेते उभी केली. सरोवराचा काही भाग खारा, म्हणून मोठा बांध घालून गोडे पाणी निराळे राखले. पिण्याचे पाणी चापुल्टेपेकच्या झऱ्यांवरून पाटाने येई. या पाटाला दोन नळ होते. एक साफ करायला घेतला की पाणी दुसऱ्यातून वाही. मला तेथील देवळांपेक्षा हे दोन नळ अधिक मोलाचे वाटतात. ज्याने ही सोय केली, त्याला हाताने काम करणाऱ्याची अडचण ठाऊक होती.

१५१९ साली स्पेनचा कोर्तेस तेथे उतरला. १५२० मध्ये देवीची साथ आली आणि नवा राजा क्विट्लावाक तिलाच बळी पडला. १५२१ च्या मे महिन्यात वेढा सुरू होताना पहिला घाव पडला तो याच पाटावर. तहान, भूक आणि रोग यांनी नगर खचले आणि १३ ऑगस्टला ते पडले.

कोर्तेसजवळ स्पॅनिश शिपाई हजाराच्या आतबाहेर होते. मग एवढे नगर पडले कसे? त्याच्या बाजूने त्लाश्काला आणि इतर नगरांचे हजारो लोक लढत होते. मेशिकांनी शेजाऱ्यांवर जबर खंडणी बसविली होती. युद्धात धरलेल्या माणसांचे ते बळी देत. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांना पिळले, ते नगराच्या रक्षणाला कशाला धावतील? पण शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, हा हिशेबही चुकला. त्लाश्कालाला काही सवलती मिळाल्या खऱ्या. तथापि १५४५ च्या महामारीने दोस्त आणि दुश्मन असा भेद केला नाही.

आता पुढचे ऐका. जेत्यांनी त्याच जागी आपली राजधानी बांधली. कालवे बुजविले, जुन्या बांधाची हेळसांड झाली. ज्यांना पाण्याची रीत माहीत होती, त्यांतले कितीतरी साथींत मेले होते. १६२९ साली महापूर आला आणि शहर सुमारे पाच वर्षे पाण्यात राहिले. विजय मिळवणे एक आणि शहर चालविणे दुसरे! तलवारीला बांध दुरुस्त करता येत नाही.

तरीही सारे संपले नाही. सोचिमिल्को येथे तशी शेते आजही आहेत. त्या लोकांची नाव्हाट्ल भाषा आज दहा लाखांहून अधिक लोक बोलतात. आपल्या तोंडी असलेला टोमॅटो हा शब्द तिच्यातूनच आला. आपल्या ठेच्यातली मिरची मुळात त्याच खंडातली. राज्य बुडाले, पण राबणाऱ्यांनी जे पेरले ते उरले.

ही जुनी गोष्ट आहे म्हणून सोडून देऊ नका. पिण्याच्या पाण्याची आणि शेतीच्या पाटबंधाऱ्यांची कामे तोडून नागरिकांची उपासमार करू नये, असा नियम १९७७ साली जिनिव्हा करारांच्या पहिल्या पूरक करारात लिहिला गेला. तरी युद्ध चालू असताना ६ जून २०२३ रोजी युक्रेनमधील काखोव्का धरण उद्ध्वस्त झाले. गावे बुडाली आणि कालवे कोरडे पडले. संघटनेच्या कामात एक गोष्ट मी शिकलो : कागदावरचा नियम आपोआप पाळला जात नाही. तो पाळायला लावणारी माणसे लागतात.

म्हणून उद्या कोणी युद्धाचा जयघोष करू लागला, तर त्याला एवढेच विचारा : पाट कोणाचा तुटणार, आणि तो पुन्हा बांधणार कोण? हा प्रश्न विचारण्याची सवय आपण ठेवली, तरी आजची सायंकाळ वाया गेली नाही, असे मी समजेन.