सूप बाजूला ठेवण्याचे पैसे

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, आकाशपाळणे उभे राहतात, मागोमाग लग्नसराई येते. अशा वेळी सोलापुरातल्या कितीतरी घरांत एकच अडचण असते: दोन वर्षांच्या लेकराला तीन-चार तास कुणापाशी ठेवायचं? आजी गावी, आत्या पुण्यात. मग ओळखीच्या मावशींना हाक जाते. "मावशी, जरा बाळाकडं बघता का?" मावशी हो म्हणतात. पैशांचा विषय कुणीच काढत नाही. रात्री परतल्यावर "किती देऊ?" असं विचारलं, की उत्तर येतं, "द्या तुमच्या मनाला येईल ते."

हे उत्तर संकोचातून येतं. लेकराला सांभाळायचे पैसे तोंडानं कसे मागायचे, असं मावशींना वाटतं आणि त्या भिडेचा फायदा समोरच्याला होतो.

सोलापुरात मात्र मावशींच्या वेळेचा भाव आधीच ठरलेला असतो. शहराच्या पूर्व भागात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात; हाक जाते त्या मावशीही बहुधा त्यांच्यातल्याच. विडी कारखान्याच्या ब्रँचमधून पान, तंबाखू, सूत आणायचं. पान भिजवायचं, कात्रीनं मापात कापायचं आणि सूप मांडीवर घेऊन बसायचं. मजुरी हजारामागे. कसलेल्या हातालाही हजार विड्यांना जवळजवळ अख्खा दिवस लागतो. म्हणजे तीन तास सूप बाजूला ठेवलं, तर तीनेकशे विड्या बुडाल्या. विड्या वळत वळत मूल सांभाळा, असं तर म्हणताच येत नाही; रांगत्या बाळाजवळ तंबाखूची भुकटी नकोच.

म्हणून बुडालेली मजुरी ही दराची सर्वांत खालची पायरी. मुलाला भरवणं, शी-शू काढणं, रडलं तर कडेवर घेऊन फिरणं, ताप चढला तर फोन करणं, या जबाबदारीचे पैसे त्या मजुरीच्या वर.

मुलांच्या सांभाळाची दखल कायद्यानंही घेतली. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात कारखान्यांसाठी पाळणाघराची तरतूद होती. पण विडीचं काम घरोघर विखुरलेलं. घरी वळणाऱ्या बाईची स्वतःची मुलं सुपाशेजारीच वाढली. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि 50 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. घरकाम करणाऱ्यांच्या कल्याण मंडळासाठी महाराष्ट्रानं 2008 मध्ये कायदा केला. तरी लग्नाच्या रात्री चार तास मूल सांभाळणाऱ्या मावशींना यातलं काहीच उपयोगी पडत नाही. तिथं दोन घरांमधला शब्द हाच करार.

तो शब्द नेमका हवा. दर तासावर ठरवावा. पालक दारात येईपर्यंतचा वेळ धरावा; वरात लांबली तर तो भार मावशींवर नको. दुसरं मूल असेल तर आधी सांगावं. शहराजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाची महिला विडी कामगारांची 10 हजार घरांची वसाहत आहे. तिथून शहरातल्या जुळे सोलापूर भागात आलेल्या बाईला रात्री दहानंतर परत जायचं असेल, तर रिक्षाचं भाडं बोलावणाऱ्यानंच द्यायचं. आणि कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, तर निदान अर्धे पैसे द्यावेत, कारण तोवर तिनं त्या दिवसाचं पान कमी भिजवलेलं असतं.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी मावशींना बोलवाल तेव्हा दर तुम्हीच आधी काढा, आणि पैसे त्याच रात्री त्यांच्या हातावर ठेवा.