नोकरी संपली म्हणून विमा संपू नये



वैद्यकीय साहाय्य समितीच्या वतीने चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. साहाय्याचे अर्ज वाचण्याचे काम मात्र गेली काही वर्षे माझ्याकडे आहे.

त्या अर्जांत एक वाक्य वारंवार येते : ‘नोकरीत असताना विमा होता.’ माझ्या थोरल्या बंधूंच्या बाबतीत हेच घडले. तीस वर्षे त्यांचा विमा कारखान्याने उतरविला. २०१९ साली ते निवृत्त झाले आणि चौथ्याच महिन्यात हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली. वहिनींनी मोठ्या विश्वासाने जुने कार्ड रुग्णालयाच्या खिडकीवर ठेविले. ते निवृत्तीच्या दिवशीच निरुपयोगी झाले होते. शेवटी बांगड्या मोडून बिल भागविले. त्या तीस वर्षांत बंधू एकदाही रुग्णालयात दाखल झाले नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

आजारपणाची तरतूद नोकरीशी बांधण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. योजना १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. कामगारास तिचा मोठाच आधार झाला. परंतु ज्यांचे दुकान आहे, ज्या भगिनी घरी खाणावळ चालवितात, त्यांना मालक कोठला?

२०१८ साली आलेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने नोकरीची अट मानली नाही. २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, तिचा लाभ खुला झाला. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांस लागू करण्याचा निर्णय घेतला. पांढरी शिधापत्रिका असलेल्या आपल्या घरांना ही वार्ता अजून पोहोचलेली दिसत नाही. मात्र या योजना यादीतील उपचार व यादीतील रुग्णालये यांपुरत्याच आहेत, आणि घरी रोज घ्यावयाच्या औषधांचा खर्च त्यांत येत नाही.

म्हणून स्वतःच्या नावचा विमा हवाच. समूह विम्यातून बाहेर पडणाऱ्यास त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाण्याची मुभा नियमांत आहे, आणि जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळात आधीची वर्षे धरली जातात. अर्ज मात्र नोकरी संपण्यापूर्वीच केलेला बरा. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देतात. हे कोणी सांगत नाही! माझ्या मते ही केवळ मुभा राहू नये. पुन्हा तपासणी न करता, झेपेल अशा हप्त्यात विमा पुढे चालविणे हा निवृत्ताचा हक्क ठरावा. तसा कायदा होईल तेव्हा होवो.

तोपर्यंत समितीची एक सूचना आहे. शस्त्रक्रियेनंतर आपण जी मदत देतो तिचा काही भाग गरजू निवृत्तांच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यासाठी राखून ठेवावा. येत्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांनी आपले नाव व विमा कंपनीचे नाव कळवावे. त्यासाठी कागद दाराजवळच्या टेबलावर ठेविले आहेत. भोजनास जाण्यापूर्वी भरून द्यावेत.