पडद्यावरची सभा आणि आभासी सभागृह

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



संस्था म्हटली की सभा आलीच. पूर्वी सभा म्हणजे सतरंजी, पानसुपारी आणि इतिवृत्ताची वही. आज आपले सभासद आदिलाबाद, जैनद, बेला येथे आहेत, तसेच पैनगंगेपलीकडे यवतमाळ-नांदेडात आणि दूर हैदराबाद-पुण्यातही आहेत. या सर्वांनी एकत्र बसावे कसे, याविषयी आम्हां शिक्षकांना जे वाटते ते थोडक्यात मांडतो.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या. १ सप्टेंबर २०२० पासून तेलंगणात दूरदर्शन यादगिरी आणि टी-सॅट या वाहिन्यांवरून पाठ सुरू झाले. पाठ मुलांपर्यंत पोहोचले, पण मुलांचे चेहरे शिक्षकांपर्यंत पोहोचले नाहीत. समजले की नाही, हे शेवटी चेहराच सांगतो.

व्हिडिओ कॉलमध्ये चेहरा दिसतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र तास-दीड तासात माणूस थकून जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये याची कारणे मांडली : अगदी जवळून रोखलेल्या नजरा, सतत दिसणारे स्वतःचेच रूप, एका जागी खिळून बसणे आणि हावभाव समजून घेण्यासाठी पडणारा जादा ताण.

दुसरा मार्ग आभासी जगाचा. २००३ मध्ये निघालेले ‘सेकंड लाइफ’ हे त्याचे जुने उदाहरण. आपल्या तेलंगण सरकारनेही एप्रिल २०२२ मध्ये अंतराळ-तंत्रज्ञानविषयक धोरण अशाच आभासी जगात जाहीर केले. तेथे प्रत्येकाची बाहुली सभागृहात वावरते. तिला ‘अवतार’ म्हणतात. मूल चिखलात माखून आले की आई म्हणते, “काय हा अवतार!” तेथे मात्र हवा तसा अवतार घेता येतो.

या जगाची एक सोय खरोखर मोलाची आहे. अशा पुष्कळ सभागृहांत आवाज अंतराप्रमाणे लहानमोठा होतो. त्यामुळे दोघे कोपऱ्यात जाऊन हळूच बोलू शकतात. आणि धर्मादाय संस्थेचे निम्मे काम कोपऱ्यातच होते! अमक्या घरी मुलीची फी थकली आहे, हे भरसभेत कोण सांगणार? व्हिडिओ कॉलवर सर्वांना सर्व ऐकू जाते. तेथे गरजवंताचा शब्द ओठांवरच राहतो.

पण बाहुलीमागे कोण बसले आहे, हे कसे ओळखावे? २०१३ च्या कंपनी कायद्याने संचालकांना दूरदृश्य सभेची मुभा दिली. पण सहभागी माणूस ओळखता आला पाहिजे आणि त्याच्या सहभागाची नोंद राहिली पाहिजे, अशी अट घातली. आपण कंपनी नाही. तरी लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याला ही अट अधिकच लागू आहे. शिवाय ही सभागृहे टिकतीलच असे नाही. मायक्रोसॉफ्टने आपले ‘आल्टस्पेस’ मार्च २०२३ मध्ये बंद केले.

म्हणून आमची सूचना अशी : पैशाचा निर्णय चेहरा दाखवून व्हावा. ज्या भगिनींना कॅमेऱ्यापुढे येणे रुचत नाही, त्यांची हजेरी ओळखीच्या आवाजावरून मांडावी. सभेनंतर चिटणिसांनी घटकाभर फोन मोकळा ठेवावा. तोच आपला कोपरा. आणि वर्षातून एकदा सर्वांनी सतरंजीवर एकत्र बसावे. मदत मागणाऱ्याची लाज ज्या सभेत झाकली जाते आणि पैशाचा हिशेब उघडा राहतो, तीच सभा आपली.