सहा महिने ते तीन वर्षं: मधली मुलं कुणाची?

(महिला कामगार आणि बालसंगोपन या विषयावरील वस्ती सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मागे बसलेल्या आयांनी मुलं रडली तर उठून जाऊ नये. आजचा विषय त्यांचाच आहे, त्यामुळे रडण्याचा पहिला हक्क त्यांना.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. मला मुलगी झाली तेव्हा २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. त्यात आधी १२ आठवडे होते, २०१७ च्या दुरुस्तीने २६ झाले. दोन मुलांपर्यंत २६, तिसऱ्याला पुन्हा १२. आपण कितवे आहोत हे बाळाला माहीत नसतं, पण कायद्याला माहीत असतं.

आता माझ्याच मजल्यावरच्या ताईंचं बघू. त्या घरी बसून शिलाई करतात. ठेकेदार कापलेला माल टाकून जातो, आठवड्याने हिशेब करतो. त्यांना किती आठवडे? शून्य. हा कायदा दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला लागू होतो. घर ही आस्थापना नाही आणि ठेकेदार स्वतःला मालक म्हणवत नाही. सच्चर समितीने २००६ साली लिहून ठेवलं आहे की काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के घरातूनच काम करतात. सगळ्या स्त्रियांचं तेच प्रमाण ५१ टक्के. म्हणजे हा कायदा कितीही चांगला असला तरी आपल्या वस्तीतल्या बहुतेक बायकांच्या दारापर्यंत तो येतच नाही.

त्यांच्यासाठी अन्न सुरक्षा कायदा आहे, २०१३ चा. प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपये असं तो म्हणतो. पुढे २०१७ मध्ये मातृवंदना योजना आली तेव्हा त्याचे ५,००० झाले, तेही फक्त पहिल्या बाळाला. नंतर दुसऱ्या बाळाला ६,००० देऊ केले, पण ती मुलगी असेल तरच. कायद्यात अशी कुठलीही अट नाही.

रजा आणि पैसे हा झाला एक भाग. मला जास्त बोलायचंय ते रजा संपल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

प्रोग्रॅम तपासताना आम्ही एक गोष्ट करतो. एक भाग जिथे संपतो आणि दुसरा जिथे सुरू होतो, तो सांधा बघतो. बिघाड बहुतेक वेळा तिथेच सापडतो. इथे तसंच करू. माझी रजा संपते तेव्हा बाळ सहा महिन्यांचं असतं. अंगणवाडीत मूल बसायला लागतं तिसऱ्या वर्षापासून. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, लसीकरण होतं, वजन होतं; पण त्याला सांभाळायला कुणी नसतं. मधली अडीच वर्षं कुणाची? सरकारी कागदांवर त्याचं उत्तर जवळजवळ कोरं आहे. व्यवहारात उत्तर असतं आजी, नाहीतर आठ-दहा वर्षांची मोठी बहीण. आजी थकलेली असते आणि बहिणीची शाळा बुडते.

नोकरदार बाईसाठी २०१७ च्या दुरुस्तीत पाळणाघर आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यायला हवं. यात एक शहाणपण आहे, ते लक्षात घ्या. जुना कारखाना कायदा, १९४८ चा, तीस स्त्रिया मोजत होता. मग मालक काय करणार? तीसवर थांबणार. नव्या कायद्याने पुरुषही मोजले, त्यामुळे बाईला नोकरी नाकारून पाळणाघर टाळता येत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद घेतली आहे.

पण रजेच्या बाबतीत ते शहाणपण वापरलं नाही. २६ आठवड्यांचा पगार मालकाने एकट्याने द्यायचा. ईएसआयमध्ये असलेल्या बाईला पैसे निधीतून मिळतात, पण तिथे पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे. त्याच्या वर सगळा बोजा एका मालकावर. मग मुलाखतीत विचारतात, लग्न झालंय का, पुढचा विचार काय? मला एका कंपनीत विचारलं होतं. माझ्या नवऱ्याला आजवर कुणीही विचारलेलं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षणाचा करार नेमकं हेच सांगतो, की हा खर्च विमा किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आणि बापांचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस. खासगी नोकरीत कायद्याने एकही नाही. बाप नावाचा माणूस आपल्या धोरणात बहुधा कायम दौऱ्यावर असतो.

आता घरी काम करणाऱ्यांकडे येते. मला नेहमी ऐकवलं जातं, "आई घरीच असते ना, मग पाळणाघर कशाला?" ज्यांनी शिलाई मशीनशेजारी रांगणारं मूल पाहिलं नाही तेच हे विचारू शकतात. पायाखाली पट्टा, वर सुई, बाजूला कात्री. मणी ओवणाऱ्या घरात मणी थेट तोंडात जातो. म्हणून बाई काय करते? मूल झोपलं की काम करते. म्हणजे रात्री. नगावर मजुरी असते, त्यामुळे मुलाकडे बघण्यात गेलेला प्रत्येक तास तिच्या कमाईतून कापला जातो. ती घरी आहे हे खरं, पण ती कामावर आहे हेही तितकंच खरं.

हे काही परदेशातून आणायचं नाही. अंगणवाडी हा शब्दच आपल्या मराठीतून देशभर गेला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबाल शिक्षा केंद्र काढलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही ताराबाई आणि अनुताई वाघ यांची कल्पना. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडला, आदिवासी पाड्यांजवळ गेलं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिनेही हेच नाव घेतलं.

जिच्या जोरावर हे सगळं चालतं त्या सेविकेला केंद्राच्या हिशेबात २०१८ पासून ४,५०० रुपये, वर राज्य आपली भर घालतं. त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. डिसेंबर २०२३ पासून सुमारे पन्नास दिवस महाराष्ट्रातल्या सेविका संपावर होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. आणि माझ्या व्यवसायाने त्यांना काय दिलं? पोषण ट्रॅकर नावाचं ॲप. मी ॲपच बनवते, म्हणून स्पष्ट बोलते: चाळीस मुलं समोर असताना रेंज शोधत फिरायला लावणारं ॲप म्हणजे बाईला मुलांपासून काढून फोनला जुंपणं आहे.

आता कामाचं. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. झोपडवस्त्याही त्यात आहेत. पुढे केंद्राच्या विस्तारातही मागणीनुसार अंगणवाड्या धरल्या गेल्या. आम्ही चौघींनी आमच्या दोनच गल्ल्या मोजल्या, मुलं चाळीसच्या वर भरली. सर्वांत जवळची अंगणवाडी मोठा रस्ता ओलांडून आहे.

दुसरं, २०२२ पासून केंद्राची पाळणा योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आपला तो उसवलेला सांधा त्यात बरोबर येतो. १७,००० अंगणवाड्यांत पाळणाघर जोडायचं उद्दिष्ट आहे. देशात अंगणवाड्या जवळपास १४ लाख. शंभरात एक, फार तर सव्वा. पण मागितल्याशिवाय ती एक आपल्याकडे येणार नाही. कर्नाटकने २०२३ मध्ये ग्रामपंचायतींत ४,००० 'कूसिन मने' जाहीर केली, रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी. म्हणजे राज्याने ठरवलं तर होतं.

अडचण जागेची येणार. अंगणवाडीसाठी सरकार जे भाडं देतं त्यात शहरात खोली मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून विश्वस्त मंडळींना, जे इथे पहिल्या रांगेत बसले आहेत, माझी जाहीर विनंती: खालचा हॉल सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा रिकामा असतो. लग्नं रात्री होतात. आणि सेविका त्याच वस्तीतली लागते. आपल्याकडे बारावी झालेल्या मुली घरी बसून आहेत, जाहिरात निघाली की त्यांचे अर्ज गेले पाहिजेत. दारात दखनी बोलणारी ताई असेल तर मूल पहिल्या दिवशी रडणारही कमी.

अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे, मराठीत आणि उर्दूत, तयार आहे. सोबत मुलांची यादी जोडायची: नाव, जन्मतारीख, घर क्रमांक, आई काय काम करते. हा शेवटचा रकाना मोकळा सोडू नका आणि त्यात "गृहिणी" लिहू नका. शिलाई, मणी, पापड, पॅकिंग, जे असेल ते लिहा. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघायचं नाही, कारण तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत. मोजणी रविवारी दहा वाजता सुरू करतोय. पाच गल्ल्यांना अजून माणूस नाही. वही दाराजवळच्या टेबलावर आहे, पुरुषांनीही नाव लिहायला हरकत नाही.