बोटीवरचं कालनिर्णय



रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांत बोटीवर जाणारी माणसं पूर्वीपासून आहेत. आम्ही त्याला बोटच म्हणतो, मग ती तीनशे मीटर लांब का असेना. माझीही सगळी नोकरी बोटीवर झाली, इंजिन रूममध्ये. आता निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, घरापासून इतकं लांब कसं काय राहिलात? खरं सांगायचं तर लांब असण्याचं मला फारसं काही वाटलं नाही. सिंगापूर काय आणि ब्राझीलचं सांतोस काय, इंजिन रूममधून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. जीव दमायचा तो वेळेचा मेळ घालताना.

बोट पश्चिमेकडे चालली की अधूनमधून रात्री घड्याळं तासाने मागे घेतात, पूर्वेकडे चालली की पुढे. पुढे घेतात त्या रात्री झोपेतला एक तास जातो आणि वॉच, म्हणजे कामाची पाळी, मात्र ठरल्या वेळीच सुरू होते. प्रशांत महासागरात तर तारीखरेषा आहे. अमेरिकेहून जपानकडे निघालात की ती ओलांडताना एक अख्खा वार गळून जातो आणि जपानहून अमेरिकेकडे जाताना तोच वार लागोपाठ दोनदा येतो.

एकदा असा दोनदा आलेला वार मंगळवार निघाला, आणि तोही अंगारकीचा. आमचा फिटर दापोलीकडचा, कडक संकष्टी पाळणारा. त्याच्या केबिनमध्ये कालनिर्णय टांगलेलं असायचं. उपास एकदा करायचा की दोनदा, यावर मेसमध्ये रीतसर चर्चा झाली. त्यानेच निकाल दिला. घरी मंगळवार उजाडताना इथे जो मंगळवार असेल तो खरा, दुसऱ्याला नुसताच वार समजायचं. प्रश्न उरला चंद्रोदयाचा. कालनिर्णयात वेळा आपल्याकडच्या गावांच्या, त्या पॅसिफिकच्या मध्यावर काय कामाच्या? मग तो गेला ब्रिजवर, सेकंड ऑफिसरकडे. तो युक्रेनचा. नॉटिकल अल्मनॅकमध्ये चंद्रोदयाच्या वेळा अक्षांशाप्रमाणे दिलेल्या असतात, त्यात रेखांशाची दुरुस्ती करावी लागते. त्या गृहस्थाने कसलाही प्रश्न न विचारता गणित केलं आणि वेळ चिठ्ठीवर लिहून दिली, खाली सही करून! फिलिपिनो कुकने वरण-भात झाकून ठेवला. रात्री आभाळ गच्च भरलेलं, चंद्राचा पत्ताच नाही. फिटरने चिठ्ठी पाहिली, घड्याळ पाहिलं, पूर्वेकडे तोंड करून हात जोडले आणि जेवायला बसला. पंचांग मांडणाऱ्यांनी यावर काय म्हटलं असतं कोण जाणे, पण माझ्या मते तो उपास घरी पोचला.

आमच्या आधीच्या पिढीला इतका खटाटोप पडत नसे, कारण गावच बोटीवर असायचं. ब्रिटिश कंपन्यांच्या काळात खलाशी निवडण्यात सारंगाचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा, मोठा हात असे, आणि सारंग आणणार कोणाला? आपल्या गावचे, आपल्या नात्यातले. डेकवर रत्नागिरीकडची माणसं असत, सलूनमध्ये, म्हणजे जेवणाच्या दालनात, आणि गॅलीत गोव्याची. गोवेकरांनी तर मुंबईतही गाव सोडलं नाही. धोबीतलाव भागात त्यांच्या गावागावांच्या कूड, म्हणजे सामायिक बिऱ्हाडं, होत्या, काही अजूनही आहेत. बोटीवरून उतरलेला तारवटी तिथे आपल्या पेटीशेजारी पथारी टाकायचा, संध्याकाळी वेदीसमोर रोझरीला बसायचा आणि पुढची बोट मिळेपर्यंत गावच्याच माणसांत राहायचा. आज बोटीवर सारी वीस-पंचवीस माणसं, तीही चार देशांची. वागायला चांगली असतात, पण तुमच्या गावच्या वाटपाच्या भांडणात त्यांना काय रस असणार!

निरोपाचं सांगतो. सुरुवातीला पत्रं पुढच्या बंदरात एजंटाच्या हाती यायची. फारच निकड असेल तर किनाऱ्यावरच्या बॉम्बे रेडिओ केंद्रामार्फत रेडिओ टेलिफोन. त्यात एका वेळी एकानेच बोलायचं, आणि बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं. माझी आई ‘ओव्हर’ म्हणायला विसरायची. मग ती तिकडे गप्प, मी इकडे गप्प, आणि आमची ती मौनं त्याच फ्रीक्वेन्सीवर लावून बसलेल्या इतर बोटी ऐकत असणार. घरात काही वाजलं तरी पत्राने कळेपर्यंत ते मिटलेलंही असायचं.

आता माझा पुतण्या बोटीवर आहे. बोटीवर उपग्रहाचं इंटरनेट असतं, रोज व्हिडिओ कॉल होतो. पण पंपाची मोटर जळली, चुलत्यांनी गडग्याचे चिरे हलवले, हे सगळं घडत असतानाच त्याच्या फोनवर येऊन थडकतं, आणि हा मलाक्काच्या सामुद्रधुनीत, पुढच्या चार तासांत इंजिन सोडून हलता येणार नाही. सोय झाली हे मान्य. पण कानावर पडलं आणि हात पोचत नाही, यासारखा वैताग नाही. आमच्या वेळच्या उशिराचे आमच्यावर उपकारच होते म्हणायचे.

२०२० साली पुतण्याच्या कराराची मुदत संपली आणि कोविडमुळे कुठलंच बंदर माणसं उतरवून घेईना. जगभरात सुमारे चार लाख दर्यावर्दी असे करार संपूनही बोटींवर अडकले होते. घरी वहिनी रोज कालनिर्णयाचं पान पाही. शेवटी तिने ते कपाटात ठेवून दिलं.

एरवी मात्र घरी किती राहायचं हे माणूस स्वतःच मोजतो, आणि त्याला कारण आयकर. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर तुम्ही अनिवासी ठरता, परदेशी बोटीवरच्या पगाराचं गणित त्यावर असतं. म्हणून सीडीसी या नोंदपुस्तिकेतल्या साइन ऑन, साइन ऑफच्या तारखा आमच्यात जन्मतारखेसारख्या पाठ. गणपतीला यावं, भातकापणी बघावी, आणि जानेवारीत बोटं मोजायला लागावं. शिमगा बहुतेक मार्चात, आर्थिक वर्षही मार्चातच संपतं. पालखी अंगणात नाचायला यायची असते आणि घरातला कर्ता पुरुष कराच्या हिशेबासाठी मुंबईच्या विमानतळावर बसलेला असतो. आई म्हणते, देवापेक्षा सरकार मोठं का? यावर कोणत्याही चार्टर्ड अकाउंटंटकडे उत्तर नाही.

आणि घरी आल्यावर? सगळी पंचाईत तिथेच. तुम्ही नसताना शेती, बँक, मुलांची फी, सासऱ्यांचं आजारपण, सगळं बायकोने निभावलेलं असतं. बोटीवर अलार्म वाजला की धावायची सवय लागलेला माणूस घरात येतो आणि प्रत्येक गोष्टीत हात घालू बघतो. घर त्याच्यावाचून नीट चाललेलं आहे, हे त्याला कौतुकाने सांगता येतं, पण पचायला जड जातं. आमच्या घरी त्यासाठी हिचा नियम होता. आल्यावर पहिले पंधरा दिवस मी पाहुणा. खावं, झोपावं, गावात भेटून यावं, मत विचारलं तरच द्यावं. सोळाव्या दिवशी सकाळी बाजाराची पिशवी आणि यादी माझ्या हातात यायची, आणि उरलेले पैसे परत मागून घेतले जायचे.